तिकडचं पिंप

थंडी पडली की तेल थिजतं, आणि तेल थिजलं की तुळजाबाईच्या घरातली माणसंही थिजल्यासारखी एकमेकांशी बोलेनाशी व्हायची. माघ लागला तरी हवा का तापत नाही, याची काळजी अख्ख्या वारज्यात तिला एकटीलाच होती. पहाटे उठायची, गॅलरीचं दार सरकवायची आणि हात बाहेर काढून गारवा बघायची. सून राजनंदिनीच्या मोबाइलवर तेच आकड्यांत दिसायचं. पण सून त्या वेळी झोपलेली असायची, आणि आकड्यांनी बोटं आखडत नाहीत.

मग जिना उतरून खाली. इमारतीचं नाव हरितवन. ती उभी राहायच्या आधी इथं तुळजाबाईचा कांदा होता, हरभरा होता, बांधावर शेवगा होता. ते सगळं काढून टाकल्यावर नाव हिरवं ठेवायची पद्धत आहे. जमिनीच्या बदल्यात वर दोन फ्लॅट मिळाले आणि खाली, नवऱ्याने, सर्जेरावाने, कागदावर लिहूनच घेतलेली, ट्रकपुरती पत्र्याची शेड. फ्लॅटमध्ये तुळजाबाईला काही काम नव्हतं. फरशी पुसायला बाई, कपड्यांना मशीन. बसलं की पाय हलायला लागायचे. शेडमध्ये आली की ते थांबायचे.

ट्रक तिच्या मुलापेक्षा, विश्वजीतपेक्षा, थोडा लहान आणि बराच जास्त ऐकणारा होता. नदीपलीकडच्या गावांत अजून जे चार लोक भाजी पिकवत होते त्यांची भाजी सर्जेराव त्यातून मंडईला पोचवायचा. जाताना भाजी, येताना तेल. शहरातले भजीवाले, वेफरवाले, फरसाणवाले यांचं कढईत काळं पडलेलं तेल डब्यांत भरून यायचं, आणि तेच ट्रकच्या टाकीत जायचं. हे खूळ विश्वजीतचं. त्याने मोबाइलवर कुणा गोऱ्या माणसाला वडे तळून उरलेल्या तेलावर गाडी हाकताना पाहिलं होतं. सर्जेराव आधी हसला, मग चिडला, मग एका रविवारी बापलेक ट्रकखाली आडवे झाले ते संध्याकाळी काळे होऊन बाहेर आले. डिझेलची एक छोटी टाकी ठेवली, सुरू करण्यापुरती. इंजिन तापलं, त्या तापलेल्या पाण्याने तेलाची टाकी तापली, की सीटखालचा कॉक डिझेलवरून तेलावर फिरवायचा. ट्रक खोकायचा, जरा विचार करायचा, आणि मग भज्यांचा वास सोडत चालू लागायचा.

पण तेल तसंच टाकीत घालून भागत नाही. त्यात वड्यांचा चुरा असतो, मिरचीचं बी असतं, पाणी असतं. ते सगळं तुळजाबाईकडे आलं. आधी उकळायचं, पाण्याचा तडतडाट थांबेपर्यंत. मग निवू द्यायचं. मग गाळायचं. गाळायला विश्वजीतच्या जुन्या जीन्स. दोन्ही पाय खाली सुतळीने आवळायचे, कंबर लाकडाच्या चौकटीला खिळवायची, वरून तेल ओतायचं. जाड कापडातून थेंब थेंब पाझरत तेल खालच्या घमेल्यात पडायचं आणि सगळा गाळ पोटऱ्यांत राहायचा. शेडच्या अर्धवट उजेडात कुणीतरी कमरेपासून खाली लटकत असल्यासारखं दिसायचं. पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झाल्या तरी वर्गातून न निघालेल्या बाई, एकदा तक्रार करायला खाली आल्या आणि ते पाहून तक्रार विसरून वर गेल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुमचा ट्रक गेला की आमच्या घरात भज्यांची मागणी होते. आम्हा दोघांनाही डॉक्टरांनी ती बंद केली आहेत. त्याला जरा उपाशी बाहेर काढत जा."

शेडमध्ये दोन निळी पिंपं होती. एकाला तुळजाबाईने हळदकुंकू लावलं होतं. दुसरं भिंतीकडे सरकवून त्यावर गोणपाट टाकलं होतं. हायवेच्या सर्व्हिस रोडला, त्यांच्या फाटकासमोरच, लातूरकडच्या उत्तरेश्वरची खानावळ होती. तिथं दिवसभर चिकन आणि बोंबील तळले जायचे, आणि ते तेलही तो द्यायचा. ते वेगळं गाळायचं, वेगळ्या जीन्समधून, आणि त्या पिंपात ठेवायचं. त्याला कुणी मटणाचं पिंप म्हणत नसे. त्याला म्हणायचे तिकडचं पिंप. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, या दिवशी ट्रकच्या टाकीत इकडचं जायचं. बाकी दिवशी तिकडचं. ट्रकने उपास मोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

तो मोडला पौषातल्या एका गुरुवारी. थंडी कडक होती, इकडचं तेल तुपासारखं घट्ट बसलं होतं, आणि भाजी तर पोचायला हवी. सर्जेरावाने इकडेतिकडे न बघता, पातळ राहिलेलं तिकडचं घातलं. नेमका भैरवनाथाच्या देवळावरून ट्रक गेला तेव्हा आत काकडा चालू होता. संतोष गुरव आरती ओवाळत होता. दारातून पहिल्यांदा थंड वारा आला आणि त्याच्या मागोमाग तळलेला बोंबील आला. संतोषने आरती पुरी केली, ताम्हन खाली ठेवलं, आणि बाहेर येऊन ट्रकच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत राहिला. हे सगळं तुळजाबाईला दुपारपर्यंत तीन बायकांकडून तीन प्रकारे कळलं. तिन्हींमध्ये बोंबील होता.

एरवी गावाने हसून सोडून दिलं असतं. पण पुढं माघी पौर्णिमा होती.

पौर्णिमेला भैरवनाथाला नदीवर आंघोळीला न्यायचं, आणि न्यायची ती तुळजाबाईच्या सासरच्या गाडीतून. पूर्वी बैलगाडी होती, मग ट्रक आला. मान घराचा होता, तो गाडीबरोबर पुढं आला. मुठेचं पाणी आता देवाच्याच काय, म्हशीच्याही अंगाला लागू नये असं झालं होतं, म्हणून देवाला नदीपर्यंत नेऊन जारच्या पाण्याने आंघोळ घालत. तरी नेत. काठावर गाडी थांबली की घरातली बाई हंड्यातलं पाणी चाकावर ओतायची, आणि गावातल्या कुठल्याही बाईच्या आधी देवाला ओवाळायची. चाक, पाणी, निरांजन. सगळं मिळून तान्ह्या पोराला पाजायला लागतं त्याहूनही कमी वेळ. पण तेवढा वेळ अख्खं गाव तुळजाबाईसाठी खोळंबायचं. जमीन गेली, म्हैस गेली, विहिरीवर लिफ्टचा खड्डा आला. ओवाळायचं राहिलं होतं. वर्षभर ती ज्या बायकांच्या मागं उभी असायची त्या त्या दिवशी तिच्या मागं असायच्या.

आणि मानाचे नियम कडक होते. पालखी एकदा गाडीवर चढली की नदीपर्यंत दुसऱ्या गाडीवर घ्यायची नाही. घेतली, तर मान त्या गाडीबरोबर जातो. वाटेत गाडी थांबली तर गुरवाने ताम्हनात कापूर लावायचा. कापूर जळतोय तोवरचं थांबणं देवाच्या मनातलं. विझल्यानंतरचं थांबणं गाडीचं.

यात्रा कमिटीची बैठक देवळात रविवारी सकाळी भरली. बायका खांबांकडे बसल्या. संतोषने बोंबलाचं सांगितलं. रागाने नाही, उलट चव वर्णन करतोय असं वाटावं इतक्या बारकाईने. मग भावकीतला शुभंकर उठला. पोरगा जमिनींचं बघायचा, म्हणजे दुसऱ्यांच्या. पांढरा शर्ट, पांढरे बूट. त्याने नुकतीच एक इलेक्ट्रिक पिकअप घेतली होती आणि ती देवळासमोर आडवी लावूनच तो आत आला होता. काकांच्या मानाला हात लावायचा विषयच नाही, असं म्हणत त्याने त्या विषयाला दोन्ही हात लावले.

कुणीतरी वयस्कर माणूस म्हणाला, एवढं कशाला, त्या दिवसापुरतं डिझेल घाला की. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुळजाबाईचा जीव भांड्यात पडला. एवढ्यात, आतापर्यंत मोबाइलमध्ये बघत बसलेल्या विश्वजीतने मान वर केली.

"टेक्निकली बघितलं तर डिझेलपण नॉन-व्हेजच आहे," तो म्हणाला.

कुणाला कळेना. मग त्याने समजावून सांगितलं. त्याला वाटलं, याने बापाची बाजू बळकट होईल, व्हेजच्या वादाला मुळातच अर्थ राहणार नाही. समुद्रातले जीव, लाखो-करोडो वर्षं तळाशी गाडले गेलेले, त्यांचं जे झालं ते डिझेल.

"म्हंजी मासं?" मघाचा म्हातारा म्हणाला.

"मासेच असं नाही. पण त्याच फॅमिलीतलं."

ट्रक आल्यापासून आजवर देव कशावर बसून आंघोळीला गेला, याचा हिशेब प्रत्येकजण मनाशी करत होता. शुभंकर हळूच म्हणाला, "माझी गाडी करंटवर चालते, काका. त्यात जीवच नाही." करंट कशापासून होतो असं कुणीतरी विचारलं. विश्वजीतने तोंड उघडलं. पण कोळसा झाडांचा असतो, म्हणजे तो शाकाहारी निघाला असता, हे लक्षात येऊन त्याने ते मिटलं.

सर्जेरावाला संकटात पटकन सुचतं, आणि जे पटकन सुचतं तेच त्याचं पुढचं संकट असतं. तो उभा राहिला. गावाच्या मारुतीवर दर शनिवारी सगळं वारजं तेल ओततं, ते खालच्या कुंडात साचतं. ते तेल घालतो, म्हणाला. देवाची गाडी देवाच्या तेलावर. याहून शुद्ध कुणाकडे असेल तर त्याने न्यावा मान.

शुभंकरलासुद्धा माघार घ्यावी लागली, पण तो बाहेर जाताना म्हणाला, मी आपली गाडी पालखीच्या मागंच ठेवतो, काकू. असावी हाताशी. इंजिन सुरू करण्यापुरतं डिझेल चालेल, ते औषध म्हणून धरू, असंही कमिटीने ठरवलं.

घरी येताना बापलेक रस्त्याच्या दोन कडांनी चालले. तुळजाबाई मागून चालत होती. तिला वाटलं, मुलाला शिकवलं ते चुकलं असं नाही, पण सगळंच शिकवायला नको होतं.

कुंडातलं तेल डबे भरभरून आलं. जाड, गार, वर रुईची पानं, उडदाचे दाणे, आणि शेंदूर. मारुतीला दर वर्षी शेंदूर चढतो, तो तेलाबरोबर थोडा थोडा खाली येतो. तुळजाबाईने इकडचं पिंप रिकामं करून आधी चुलीच्या राखेने घासलं, मग साबणाने, मग चिंचेने. हाताची कातडी सोलपटली. इकडचं जुनं तेल सर्जेरावाने मंडईच्या खेपांत संपवून टाकलं. तेल उकळलं, तडतड थांबली, निवलं. मग ती चौकटीपाशी गेली आणि थबकली.

चौकटीला जीन्स टांगलेली होती. निळी, गुडघ्यावर विटलेली, मागच्या खिशावर कसलंसं इंग्रजी अक्षर. तिने ती धुतलीही होती. पण मारुतीचं तेल पोराच्या पँटीतून गाळायचं? जिथं त्याने कॉलेजभर बूड टेकलं त्यातून? तो ब्रह्मचारी देव. तिने हात मागं घेतला. वर जाऊन देवघराखालच्या कप्प्यातून कोरी मलमल काढली, श्रीखंडाचा चक्का बांधायला आणलेली, अजून पाणीसुद्धा न लागलेली. दुहेरी घडी केली आणि पिंपाच्या तोंडाला बांधली. तेल त्यातून भराभर उतरलं. पानं राहिली, दाणे राहिले. उतरलेलं तेल पहाटेच्या आभाळासारखं तांबूस दिसत होतं. ती बघत राहिली. इतकं देखणं तेल त्या शेडमध्ये कधी आलं नव्हतं.

संध्याकाळी विश्वजीतने ऑफिसातून फोनवर विचारलं, "जीन्समधून काढलंस ना, आई?"

"गाळलंय की," ती म्हणाली.

सर्जेरावाने बाटलीत थोडं घेऊन उजेडात धरलं. रंग बघून त्याचे डोळे भरून आले. मारुतीचा रंग आहे म्हणाला. त्याने ती बाटली शुभंकरच्या आईला दाखवायला पण नेली.

पौर्णिमेला उन्हं चढली तेव्हा पालखी ट्रकवर चढली. पुढं ढोल, मग झांजा, मग फुलांनी गच्च झाकलेला ट्रक, मागं आवाज न करता सरकणारी शुभंकरची पांढरी पिकअप. तिचा आवाज येत नव्हता हेच तुळजाबाईला सहन होत नव्हतं. ती ट्रकशेजारून चालत होती. नवी हिरवी साडी, कमरेवर तांब्याचा हंडा, हंड्यात चाकाचं पाणी, वर आंब्याचा डहाळा आणि नारळ. तिच्यामागं राजनंदिनी ओवाळणीचं ताट घेऊन. सुनेने ऑफिसातून रजा काढली होती आणि साडी नेसून पायात मात्र पळायचे बूट घातले होते. कुणी विचारलं तर ती म्हणायची, रोड खराब आहे.

सर्जेरावाने देवळापाशी ट्रक डिझेलवर सुरू केला आणि कोपरा वळल्यावर कॉक फिरवला. ट्रक खोकला, त्याने विचार केला, आणि विचार करतच राहिला. तुळजाबाईने तो आवाज ओळखला. घशाशी काहीतरी अडकलेल्या माणसाचा आवाज. सर्जेरावाने खिडकीतून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कॉक फिरवला, डिझेल आलं, ट्रक पुढं निघाला. थोडं चालायचं, पुन्हा मारुतीवर, पुन्हा खोकला, पुन्हा डिझेल. औषधापुरतं होतं ते जेवणासारखं संपायला लागलं. मिरवणूक चालीने चालत होती, ढोलवाले प्रत्येक चौकात नाचत होते, आणि इंजिन पीत होतं.

फ्लायओव्हरच्या पुढं, हरितवनच्या फाटकाच्या जरा अलीकडे, ट्रक एकदा हिसकला आणि बंद पडला.

ढोल चार ठोके पुढं जाऊन थांबले. विश्वजीत ट्रकखाली घुसला. फिल्टर उघडला तसा त्याच्या तळहातावर लाल चिखल पडला. ओला, मऊ, अगदी कपाळाला लावावा असा. त्याने तो बोटांत चोळून पाहिला आणि तिथूनच, चाकांच्या मधून, आईच्या पायांकडे बघत विचारलं, "आई, कशातनं गाळलंस?"

तिने सांगितलं नाही. तो पुन्हा विचारणार नव्हता, हे तिला कळलं, आणि तेच वाईट होतं.

दुसरा फिल्टर गाडीत होता. पण टाकीभर तोच शेंदूर होता, तोही चोंदला असता. विश्वजीत म्हणाला, पळत जाऊन डिझेल आणतो. सर्जेरावाने मान मागं वळवली. शुभंकर पिकअपमधून उतरला होता आणि आजूबाजूला त्याची पोरं मोबाइल वर धरून उभी होती. भर देवाच्या वाटेवर, सगळ्यांसमोर, कॅनमधून मासे ओतताना दिसायचं. आणि पंप हायवेच्या पलीकडे.

संतोष गुरवाने ताम्हनात कापूर लावला. एकच वडी, पण मोठी. तो वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याला बोंबलाचा राग होता, पण मान मोडलेला बघायचा नव्हता. ज्योत वाकडी होत होती आणि सरळ होत होती. शुभंकर जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, कापूर विझल्यावर लोकांसमोर नको. आत्ताच घेऊ पालखी माझ्याकडं. मी म्हणेन देवाच्याच मनात होतं."

त्याने हे प्रेमाने सांगितलं. तुळजाबाईला प्रेमाची चीड आली. तिने राजनंदिनीच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, निरांजनाकडे पाहिलं, पुढं फाटकाकडे पाहिलं. आणि निघाली. कमरेवरच्या हंड्यासकट.

शेडमध्ये अंधार होता. इकडचं पिंप स्वच्छ, रिकामं, चिंचेने चकाकत होतं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे गेली, गोणपाट ओढलं. तिकडचं पिंप काठोकाठ भरलेलं होतं, जीन्समधून दोनदा गाळलेलं, पाण्यासारखं नितळ. तिने नारळ आणि डहाळा बाजूला ठेवला. हंड्यातलं चाकाचं पाणी ट्रकच्या रिकाम्या जागेवर ओतलं. जिथं ट्रक रोज उभा राहतो तिथंच ओतायचं, तेवढं तिने पाळलं. मग मगाने हंडा भरला. वर डहाळा, त्यावर नारळ. तेलाचा हंडा पाण्याच्या हंड्याहून वेगळा चालतो, कमरेवर सुस्त बसतो. ती गर्दीतून परत आली तेव्हा लोकांनी वाट करून दिली. एका बाईने हंड्याला हात लावून तो कपाळाला लावला.

तिने ट्रकच्या पुढच्या दाराशी हंडा धरला. सर्जेरावाने आत डोकावून हुंगलं. त्याचं तोंड उघडलं.

"कंच्या पिंपातलं?"

"नळी द्या हिकडं."

त्याला मग सगळं एकदम सुचलं. टाकीची नळी काढून हंड्यात सोडायची. हंडा उंच हवा, म्हणजे सीटवर. आणि कुणीतरी तो धरून बसायला हवा, कारण सांडला की संपलं. विश्वजीत खालून म्हणाला, एकदा पेटली की बंद करू नका, अण्णा, परत उठायची नाही. त्याने नवा फिल्टर बसवला आणि हातपंपाने नळीतली हवा काढायला लागला. फेस आला, बुडबुडे आले, मग नुसतं तेल.

देवाच्या गाडीत पुढं बाई बसत नाही. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, बसली नव्हती इतकंच. तुळजाबाई साडी खोचून चढली, हंडा मांड्यांमध्ये धरला, डहाळ्याखालून नळी आत सोडली. खिडकीतून तिला ताम्हन दिसत होतं. कापूर उडदाच्या दाण्याएवढा राहिला होता.

सर्जेरावाने स्टार्टर मारला. काही नाही. पुन्हा मारला. ट्रक कण्हला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले आणि भैरवनाथ सोडून ट्रकचंच नाव घेतलं. ट्रक पेटला. नळीतून तेल सरकताना तिच्या मांड्यांना गुदगुल्यासारखं जाणवलं. संतोषच्या ताम्हनात निळसर काहीतरी होतं. ते ज्योत होती की नव्हती यावर गावात नंतर पुष्कळ बोलणं झालं. संतोषने ते कुणाला नीट बघू दिलं नाही.

ढोल वाजले. ट्रक हलला. आणि वास आला.

आधी पालखीवाल्यांना आला, मग झांजवाल्यांना, मग मागच्या बायकांना. खमंग, तिखट, रवा लावून तळलेला. मिरवणुकीतली सगळी नाकं एकदम वर झाली आणि सगळ्या नजरा एकदम खाली गेल्या. कमिटीतल्या म्हाताऱ्याने तोंडातलं पाणी गिळलं. शुभंकरने संतोषकडे पाहिलं. आता गुरवच बोलणार होता. पहिल्यांदा बोलला होता तोच. संतोषने ताम्हन काखोटीला मारलं, पालखीतल्या धुपाटण्यावर मूठभर धूप टाकला आणि ओरडला, "वाजवा रे, थांबलात काय?"

उत्तरेश्वर खानावळीच्या दारात उभा होता. दुकान त्या दिवशी बंद होतं. त्याला स्वतःच्या मसाल्याची ओळख पटली. त्याने देवाकडे पाहिलं, धुराच्या नळकांड्याकडे पाहिलं, आणि चपला काढून हात जोडले. हरितवनच्या पहिल्या मजल्यावरून विमलाबाई वाकल्या आणि शेजारणीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "यंदा प्रसाद चांगला दिसतोय."

नदीकाठी ट्रक थांबला, इंजिन चालूच. पालखी उतरली. लोकांनी जागा करून दिली आणि सगळे वळून ट्रकच्या दाराकडे बघायला लागले. आता चाक, पाणी, निरांजन. तुळजाबाईने उठायला पाय सरकवला. हंडा कलला, नळी वर आली, इंजिनाने आचका दिला. ती परत बसली. नळी खाली दाबली. इंजिन सावरलं.

"मी धरू म्हंतीस का?" सर्जेराव म्हणाला. त्याचा एक पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि एक हात गिअरवर. विश्वजीत पुन्हा गाडीखाली होता, फिल्टर दाबून धरून. देवाला माघारी पोचवायचं बाकी होतं.

"न्हाई म्हनले मी काही," ती म्हणाली.

लोक थांबले होते. तिने खिडकीतून सुनेला बोलावलं. राजनंदिनी ताट घेऊन पुढं आली. बुटांना चिखल लागला होता.

"आई, मी? मला प्रोसीजर नाही माहीत."

"आधी चाकाला पानी."

पाणी नव्हतं. ते शेडमध्ये सांडलं होतं. राजनंदिनीने इकडेतिकडे पाहिलं, खांद्याच्या पिशवीतून ऑफिसची बाटली काढली आणि चाकावर ओतली. मग पुढं गेली आणि देवासमोर ताट धरून, सासू कुठं आहे म्हणून वळून वळून बघत, ओवाळायला लागली. एकदा उलटं ओवाळलं, मग सुलट. गावातल्या सगळ्या बायका तिच्या मागं उभ्या होत्या. शुभंकरची आईही.

तुळजाबाईला पाठमोरं वळून मागच्या लहान काचेतून थोडं दिसत होतं. देव नाही, सुनेचा हात आणि निरांजनाची एक टिकली. तीही तेलकट काचेतून. तेवढं होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने हंड्यात बोट घालून तेल किती उरलं ते पाहिलं.

"घरापतुर पुरंल," ती म्हणाली. "चला."